गालातला घास

मंगळ., १२ नोव्हें.
सासूबाईंनी आज दोन चमचे पेज घेतली. तिसऱ्याला तोंड मिटलं. अर्धांगवायू झाल्यापासून घास उजव्या गालात अडकतो, बोट घालून काढावा लागतो, नाहीतर ठसका. ते बोट लेकाचंच चालतं. लेक, म्हणजे हे, कन्नडला, साखर कारखान्याचा सीझन. मी बोट पुढे केलं की भिंतीकडे बघतात. डॉ. म्हणाले, सोमवारपर्यंत खाणं वाढलं नाही तर नाकातून नळी.

बुध., १३
त्यांची खुर्ची माझ्या माशांच्या टाकीसमोर ठेवली. एरवी म्हणायच्या, खारं पाणी करून मासे पाळती, लोणचं घालायचंय का. आज दुपारभर बघत होत्या. छोटा निळा मासा मोठ्या तपकिरीच्या उघड्या तोंडात शिरतो, दातांतलं, कल्ल्यांतलं वेचून खातो. मोठा जागचा हलत नाही.
"गिळंना का त्याला?" अडखळत, पण विचारलं.
गुलमंडीच्या रशीदभाईंनी जोडी विकताना म्हटलं होतं ते सांगितलं: "दोनो कू एक दुसरे की गरज है भाभी. अकेला रख्या तो छोटा भुका मरता."


गुरु., १४
वरणभात. ठसका. ओठ निळे पडले. पाठ चोळली तेव्हा सावरल्या, तरी तोंड उघडेनात. राग आला. घाबरले त्याहून जास्त. ओट्याशी रडले. जेवायचं राहिलं.

शनि., १६
ह्यांचा फोन. सुट्टी नाही.
पेजेनंतर नुसतं बोट पुढे धरलं.
"हात धुतला?"
पुन्हा धुऊन आले. मग उघडलं त्यांनी तोंड. आत ऊन, मऊ, हिरडीपाशी चिकटलेला भात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते. काढून होताच दात हळूच टेकवले बोटावर. मी दचकले तर अर्ध्या ओठानं हसल्या.

रवि., १७
अर्धी वाटी, आणि तोंड बंद. संपलं वाटलं. तर डाव्या हातानं वाटी माझ्याकडे सारली.
"आधी तू."
मीठ चाखलं म्हणून पातेलंभर भाजी टाकून द्यायला लावणारा हा हात. म्हटलं, उष्टं होईल आत्याबाई.
"हू दे."
एक चमचा मी, एक त्या. मधे बोट. वाटी संपली. किती दिवसांनी मीही पोटभर जेवले.

सोम., १८, सकाळी
एक वाटी पुरते का, ते डॉ. ठरवतील. नळी नको. त्यांच्यासाठी नको, हे तर खरंच. पण नळी लागली तर त्यांना माझं काय काम, हे रात्रीपासून डोक्यातून जात नाही. त्या तयार होऊन बसल्यात. रिक्षा आली