मिरीसकट गुलाब

सोमवार, ४ मार्च

सरांनी माझ्या नव्या अत्तराची कागदी पट्टी नाकाखाली धरली, डोळे मिटले, पट्टी खाली ठेवली.
"गुलाब कुठाय?"
"आत आहे. दहा मिनिटं थांबा."
"गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबत नाही, बाई!"
तरी थांबले. मिरी आणि लवंग ओसरली, मग गुलाब वर आला — काळपट, कोरडा, खाली चामडं आणि धूर. सरांच्या भुवया हलल्या. मी पाहिलं!
निकाल असा: प्रयोगशाळेतलं नाही, घरचंही नाही, असं एक माणूस शोधायचं. त्याने हे अत्तर लावायचं आणि आपणहून परत मागायचं. मग उत्पादनाला जाईल. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. नाही मिळालं तर मिरी-लवंग काढायची आणि गुलाब "मोकळा" करायचा.
मोकळा म्हणजे गुळचट. गेल्या वर्षी दुसऱ्या एकाचा मोगरा असाच मोकळा झाला. आता तो फरशी पुसायच्या द्रावणात आहे.
एक माणूस! हसूच आलं.

मंगळवार, ५ मार्च

कामावर अंगाला काही लावायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून घरी आल्यावर मनगटावर लावलं. कागद खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. कातडीची ऊब लागल्यावर खरं कळतं.
माझ्या हातावर सुरुवातीची मिरी चुरचुरीत. मग गुलाब हळूहळू, कुणी बोलावलं नसताना आल्यासारखा. तासाभराने चामडं. दोष एकच: लवंग जरा जास्त रेंगाळते, कुणाची तरी दाढ दुखतेय असं वाटतं. थोडी कमी करीन. बाकी एक थेंबही हलवणार नाही.
बाबा मागून गेले. "घरात मसाल्याचं गोदाम काढलंय का?"
यंत्रांचं शिक्षण घेऊन मी अत्तरांकडे वळले, तेव्हापासून माझ्या कामाला ते "हुंगायची नोकरी" म्हणतात. स्वतः आयुष्यभर कारखान्यात, लेथच्या यंत्रावर. नमुन्याची मोठी बाटली बेसिनवरच्या फळीवर ठेवली आणि जेवायला बसले.

बुधवार, ६ मार्च

लवंग कमी केली. छोट्या कुप्या भरल्या आणि वाटल्या — दातांची डॉक्टर, ग्रंथपाल बाई, पोहायला शिकवणारी, ताईच्या ऑफिसातल्या दोघी. ताईलाही दिली, घरची असली तरी. तिचं मत मी मागितलं नाही तरी येतंच.

रविवार, १० मार्च

दातांची डॉक्टर: "अगं, दिवसभर लवंगेच्या तेलातच असते मी! संध्याकाळी तरी सुटका हवी."
ग्रंथपाल बाई: "फार सुंदर आहे हो. कपाटात ठेवलंय." म्हणजे लावलं नाही.
पोहायला शिकवणारी: "नवऱ्याने विचारलं, आपलं भांडण झालंय का?"
ऑफिसातल्या दोघी: "भारी आहे. पण आमच्यासाठी नाही." दोघींचं वाक्य तेच. ठरवून बोलल्या असणार.
ताई: "तुझ्यासारखंच आहे. आधी टोचतं. पुढे काय होतं ते बघायला कोण थांबतंय?"
 

मंगळवार, १२ मार्च

शेजारच्या टेबलावरचा साखरदादा — दिसेल त्यात व्हॅनिला ओततो, म्हणून हे नाव — फार कळवळून म्हणाला, "चिमूटभर गोडवा टाक गं, जग पायाशी येईल."
"तुझ्या पायाशी मुंग्या येतात."
तो हसला. मीही. पण नंतर त्याच्या सूचनेप्रमाणे खरंच एक पट्टी करून बघितली. न बघता नाही म्हणणं हा अडाणीपणा. बघितली. वाढदिवसाच्या केकवर कुणीतरी गुलाब खोचलाय! फेकून दिली.
आणखी दोघींना कुप्या दिल्या. अत्तर बरोबर आहे.

गुरुवार, १४ मार्च

दोन्ही कुप्या परत. एक न उघडताच.

शुक्रवार, १५ मार्च

"एकही नाही?" सरांनी विचारलं. आनंदाने नाही, हे मान्य करायला हवं.
"नाही. अत्तर बरोबर आहे. माणसं चुकली."
"असं प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणायचो. सोमवारी मिरी काढायला घे."
घरी येऊन माझ्या कुपीतलं पुन्हा लावलं, राग बाजूला ठेवून, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं तपासलं. बरोबरच आहे! रडले वगैरे नाही. मनगट मात्र परत परत नाकाशी नेत होते.

रविवार, १७ मार्च

सकाळी बाबा, पेपराआडून: "ते बेसिनवरचं संपलं. अजून आहे?"
हाताचा मशीनच्या तेलाचा वास जाईना, म्हणून लावून बघितलं म्हणे. मग बाटलीच डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेली. लेथवरचे चौघं घरी निघताना रोज लावतात. काल संपली तर बाबांच्या मागेच लागले — सोमवारी आणा!
चौघं. आणि मी सगळ्या कुप्या बायकांनाच दिल्या. गुलाब म्हणून!
"त्यांना काय सांगितलंत, कुणाचं आहे?"
पेपर खाली आला.
"तुझं. आणखी कुणाचं?"