कॉम्प्युटरला राखणदार नेमल्याची हकीकत

तुळजापूर,
बुधवार, सकाळची पूजा उरकून

तीर्थस्वरूप आण्णासाहेब दादा यांस,

धाकटा चुलतभाऊ भीमाशंकर याचा साष्टांग नमस्कार. (पाय मागं घेतले असतील, तर ते जिथं असतील तिथं.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? वहिनींची शुगर आटोक्यात आहे ना? इकडं सगळी खुशाली आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तसं लिहितो. नऊ वर्षं झाली आपण बोललो नाही. मी फोन लावला की तुमचा फोन एकदाच वाजून गप होतो. सोलापुरात रेंज चांगली असते, तेव्हा कारण माझ्या ध्यानात येतं. म्हणून हा कागद. भिऊ नका, विषय घरगुती भांडणाचा नाही. घरच्या कॉम्प्युटरला कुठलं अँटीव्हायरस घालावं, एवढाच आहे. तुम्ही सरकारी कचेरीत उभी हयात कॉम्प्युटरपुढं काढलीत, आणि सल्ला विचारावा असं दुसरं वडीलधारं माणूस आता आपल्या घराण्यात उरलेलं नाही.

धोक्यात काय आहे ते आधी सांगतो. आपल्या यजमानांची यादी. वाटणीच्या दिवशी पंजोबांपासूनच्या अकरा वह्या तुम्ही थोरलेपणानं मागितल्या, तेव्हा मी म्हणालो होतो, न्या ती रद्दी, माझ्याकडं सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. (हे मी चार पाहुण्यांदेखत म्हणालो, आणि वर हसलो. हसलो नसतो तर बरं झालं असतं.) खोटं काही नव्हतं. त्याआधी दोन वर्षं बसून, एका बोटानं, सतराशे घरं मी त्यात चढवली होती. कुणी यजमान दारात आला की गाव आणि आडनाव विचारायचं, बटण दाबायचं, आणि त्याचा आजा कोणत्या साली नवस फेडायला आला ते सांगायचं. आज्याचं नाव ऐकलं की भला भला माणूस हळवा होतो, पागोट्याच्या शेवानं, नाहीतर टोपीनं डोळे पुसतो. आपलं घराणं त्याच्यावर चाललंय, हे मी तुम्हाला काय सांगावं. ही यादी गेली, तर मी देवीच्या दारात बसलेला एक अनोळखी म्हातारा.

गेल्या पौषात मशीन सुस्तावलं. एक नाव काढायला इतका वेळ घ्यायचं की यजमान दर्शन करून परत यायचा. मग त्यात जाहिराती यायला लागल्या. रोज एकच, टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची. माझं टक्कल मशीनला कुणी सांगितलं? म्हाळसाबाईंना विचारलं (तुमच्या भावजयीचा स्वभाव तुम्ही जाणता), तर म्हणाल्या, सांगायला कशाला पायजे, दिसतंय की. मला ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटली नाही. मी कॅमेऱ्याच्या भिंगावर कुंकवाचं बोट लावून टाकलं. तरी तेल काही हटेना. शेवटी कलीमभाईला बोलावलं. बसस्टँडमागं त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या वडिलांनी आपला रेडिओ तीनदा जिवंत केलेला तुम्हाला आठवत असेल. त्यानं तपासून सांगितलं की आत हेर शिरलेत, तुम्ही काय बघता, काय लिहिता ते बाहेर कळवतात. उद्या हिरव्या ढालीचं अँटीव्हायरस आणतो, चांगलं आहे, तोवर कशालाही हात लावू नका म्हणाला, आणि गेला.

त्याच दिवशी, तो गेल्यावर तासाभरात, पडद्यावर एक लाल ढाल आपली आपण उगवली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तीनशे बारा शत्रू आहेत, मी त्यांचा नायनाट करतो, मला आत घ्या, असा तिचा घोषा. दादा, दुसऱ्या कुठल्या गावात माणसानं तिला हाकलून दिलं असतं. पण वार मंगळवार. मंगळवारी-शुक्रवारी दारात कुणी परडी घेऊन जोगवा मागायला उभं राहिलं, तर त्याला रिकाम्या हातानं लावून द्यायचं नाही, ही आपल्या काकूंची शिस्त. ती लाल ढाल मंगळवारी, न बोलावता, दारात उभी. हिरवी मात्र आपण बोलावल्यावर येणार. कुणाचा मान मोठा? मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंतामणीपुढं जाऊन बसलो. हजारो लोकांना मी त्या दगडापुढं बसवलंय, दोन्ही हात ठेवा, मनात धरा, उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही, जाग्यावर राहिला तर कामाला उशीर आहे, असं तोंडपाठ सांगितलंय. स्वतः प्रश्न घेऊन बसण्याची माझी पहिलीच वेळ. मनात धरलं, हिरवी घेऊ का? दगड हलला नाही. लाल घेऊ का? हलला नाही. मागं लातूरकडची मंडळी रांगेत खोळंबलेली. मग मी विचारलं, दोन्ही घेऊ का? आणि दगड उजवीकडं फिरला. (म्हाळसाबाईंचं म्हणणं, तुमचंच मनगट फिरलं. असेल. आई दोनदा थांब म्हणाली होती, आणि तिच्याच पुजाऱ्याला ते कळलं नाही. दोष दगडाचा नाही.)

तर दोन्ही नेमली. हिरवी कलीमनं बसवली, लाल मी बसवली, त्याला न सांगता. माझा हिशेब असा की तुळजापुरात एवढी पुजाऱ्यांची घरं, पण एक दुसऱ्याच्या यजमानाला हात लावत नाही. तशा ह्या दोघी आपापले शत्रू वाटून घेतील. कशाचं काय! हिरवी म्हणायची लाल चोर आहे, लाल म्हणायची हिरवी चोर आहे, आणि दोघी मला विचारायच्या, हिला हाकलू का? मी भिडेचा माणूस, दोघींनाही हो म्हणत गेलो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं दोघींनी मिळून पाहुणाच खाल्ला. लाल ढाल हीच मुळात चोर होती. तिनं यादीला स्वतःचं कुलूप घातलं, आणि हिरवीनं तिला मारताना कुलपासकट यादीही पुसून काढली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या मी आपल्या हातानं दिल्या, तेही मंगळवार पाळून.

कलीमभाई आला. लई वेळ मशीनपुढं बसला, चहा घेतला नाही. मग हळूच विचारलं, पुजारीबाबा, दुसरी प्रत कुठं ठेवलीय? मी म्हणालो, दुसरी कशाला, पहिली आहे ना. तो मयताला आल्यासारखा जरा वेळ बसला आणि उठून गेला.

तेव्हा दादा, हिरवी ठेवावी की तिसरीच कुठली घालावी, यावर तुमचं मत अवश्य कळवावं. वहिनींना नमस्कार.

आपला,
भीमाशंकर

ता.क. मत नाही कळवलं तरी चालेल. राखायला आत काही उरलेलं नाही, मग राखणदार कोणताही असो. कलीमनं विचारलेली दुसरी प्रत तुमच्या माळ्यावर आहे. वह्यांचं मी पहिल्या ओळीत लिहिलं असतं, तर तुम्ही पत्र तिथंच फाडलं असतं, म्हणून अँटीव्हायरस पुढं केलं. वह्या मी परत मागत नाही. चौथी वही, एकच पान, आणि तेही मला नको.

ता.क. दुसरा. काल औशाकडच्या कस्तुराबाई आल्या होत्या. त्यांचे मालक दगडोबा दिवाळीत वारले. आयुष्यभर अंगठा लावणारा माणूस. साक्षरतेच्या वर्गात चार अक्षरं शिकला आणि जन्मात एकदाच सही केली, ती आपल्या औशाकडच्या, म्हणजे चौथ्या वहीत. ती बघायला बाई एकट्या आल्या. मी सांगितलं, मशीन बिघडलंय, नाव निघत नाही. तर म्हणाल्या, मिशनीत त्यांचा हात व्हता का? म्हटलं, हात नाही, नाव होतं. म्हणाल्या, नाव तर मला ठावं हाय, पुजारीबाबा. दादा, सतराशे घरांची नावं मी चढवली, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी त्या वह्यांना रद्दी म्हणालो. माझं चुकलं. मला माफ करा.

ता.क. शेवटचा. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. मी स्वतः येणार होतो, पण याआधी दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन माघारी फिरलोय, तिसऱ्यांदाही फिरलो असतो. ज्या बाईनं आत्ता हे तुमच्या हातात दिलं, त्याच कस्तुराबाई. त्यांना वाचता येत नाही, आणि मी हे लई लांबवलंय. त्या अजून दारात उभ्या असतील. आधी त्यांना आत घेऊन बसवा.