एकोणीस निरोप

देवपूर, धुळे
रविवार, १६ मार्च २०२५

प्रिय मोनाली,

मामाचे आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू म्हणाली असशील, मामाला फोन नावाची वस्तू ठाऊक नाही का. ठाऊक आहे. तीनदा तुझा नंबर लावला आणि तीनदा घंटी वाजायच्या आत बंद केला, म्हणून कागद घेतला.

इकडे सगळं ठीक. रत्नामामीनं गच्चीभर ज्वारीचे बिबडे, पापडांसारखे, वाळत घातलेत आणि कावळे हाकायची नेमणूक माझी आहे. पांझरेत पाणी नावापुरतंच. माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्याचं आणखी काय होणार? जळगावात ऊन जास्त, लॅबमधून दुपारी बाहेर पडताना डोक्याला काही बांधत जा.

तुझ्या आईचा अहिराणी शब्दकोश तिच्या पहिल्या वर्षश्राद्धाला, मे महिन्यात, छापून हातात देईन असं मी तुला म्हणालो होतो. तो तयार आहे. तीन हजार आठशे बारा शब्द. मी हे पत्र त्याबद्दलच लिहितोय आणि त्याबद्दल लिहीतही नाहीये. आधी आमच्या कामाची रीत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तुझी आई, आमची ज्योत्स्ना, धरणगावहून मला एक्सएमएल फाइल पाठवायची. म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला खूण लावलेली: हा शब्द, हा अर्थ, हे उदाहरण, सांगणारी बाई कोण, गाव कुठलं. पानं जुळवायचं काम टेक नावाची प्रणाली करते, आणि कुठल्या खुणेचं काय करायचं हे तिला सांगते लुआ भाषेतली माझी स्क्रिप्ट. शब्द ठळक, उदाहरण तिरकं, गाव बारीक टायपात. प्राथमिक शाळेतल्या बाईंना हे कसलं जमतंय, असं मी मामीला म्हणालो होतो. बाईंनी पंधरा दिवसांत शिकून माझ्याच दोन चुका काढल्या.

त्यात एक खूण मी खास ठेवली होती, 'निरोप'. पूर्वी छापखान्यात प्रुफाच्या समासात लिहायचे ना, तसंच. मला काही सांगायचं असेल तर फोन करू नको, मी विसरतो. त्या त्या शब्दापाशीच निरोप लिही, असं मीच तिला बजावलं होतं. ते निरोप प्रुफाच्या समासात लाल अक्षरात उमटायचे. 'भाऊ, हा शब्द शिंदखेड्याकडे निराळा म्हणतात, विचारून घे.' 'भाऊ, जेवलास का?' काम झालं की ती आपला निरोप आपणच पुसून टाकायची.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एका स्मरणिकेत माझी फजिती झाली. आमच्या ऑपरेटरनं निरोपात लिहिलं होतं, 'या साहेबांचा फोटो फार भयंकर आहे, बदलावा.' ते वाक्य साहेबांच्या फोटोशेजारी तसंच छापून गेलं. मी हात जोडून माफी मागून आलो आणि रागाच्या भरात स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: निरोप दिसला की गाळायचा, कुठेही उमटू द्यायचा नाही. सगळ्या कामांना स्क्रिप्ट तीच. ऑपरेटरला सांगितलं. ज्योत्स्नाला सांगायचं राहिलं.

तिच्या फायली मी कधी उघडून वाचत नव्हतो, बेटा. आली फाइल की स्क्रिप्टच्या हवाली करायची, पानं झाली की तिला 'मिळालं, छान' एवढं कळवायचं. मोठा भाऊ, स्वतःला कारागीर म्हणवतो, आणि बहिणीचं लिखाण यंत्राकडून वाचून घेत होता.

गेल्या सोमवारी छपाईला द्यायच्या आधी कुठल्या खुणा किती आहेत ते मोजून घेतलं. शब्द तीन हजार आठशे बारा, अर्थ तेवढेच. यादीच्या तळाशी निरोप, एकोणीस. तेव्हा पहिल्यांदा फाइल उघडली.

पहिला निरोप १४ जून २०२३ चा आहे, निंदणीच्या शब्दांमध्ये. लिहिते: 'भाऊ, छातीत डावीकडे गाठ लागते आहे. दुखत नाही. घरात बोलता येत नाही, बायपासपासून हे दिवसभर शेजारीच असतात, आणि त्यांचं काळीज आत्ताच शिवून आणलंय. त्यांना कळू देऊ नको. प्रूफ बघायला म्हणून मला धुळ्याला बोलाव. डॉक्टरला दाखवून संध्याकाळी परत येईन.'

त्याच दिवशी, फाइल न उघडताच, मी तिला फोन केला होता. मला चांगलं आठवतं, कारण मी स्वतःवर खूश होतो. म्हणालो, प्रूफ बघायला एवढ्या लांब यायची गरज नाही, पीडीएफ पाठवून देतो. ती बरं म्हणाली.

तिनं काय समजायचं, सांग. पुढच्या निरोपात लिहिते, कामाची गर्दी असेल तर पुढच्या महिन्यात बोलाव. मग लिहिते, गाठ वाढलीय. ऑगस्टमध्ये लिहिते, 'तू प्रुफातून निरोप काढून टाकतोस ते बरं करतोस, पीडीएफ हेही बघतात.' बघ, निरोप गाळणंसुद्धा तिनं माझं शहाणपण मानलं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तुम्ही तिघं इथं आला होतात. ओवाळून झाल्यावर तबक हातात तसंच धरून तिनं मला विचारलं, "भाऊ, मन्या फायली वाचस ना तू?"

मी म्हणालो, "वाचस ना, बठ्ठ्या वाचस."

सगळ्या वाचतो, हे मी खोटं बोललो, मोनाली. बाकीची चूक यंत्राची म्हणता येईल, विसराळूपणाची म्हणता येईल. हे वाक्य माझ्या तोंडचं आहे. ती तबक ठेवून आत मामीला मदत करायला गेली. नंतर पंगतीत मी तिला चिडवलं की बाई आज फारच शांत आहेत.

फेब्रुवारीत ती घरात चक्कर येऊन पडली आणि सगळं बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आणायला हवं होतं. दवाखान्यात मी तिला रागावलो, तू तिथंच होतीस. एवढं दुखणं अंगावर काढलंस आणि सख्ख्या भावाला एका शब्दानं सांगितलं नाहीस, असं मी बोललो. तिनं नुसता माझा हात थोपटला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ." मला वाटलं ती थकलीय.

दशक्रियेच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर तू तुझ्या वडिलांना म्हणालीस, एका घरात राहून कळलं नाही हे शक्य नाही, आईनं तुम्हाला सांगितलंच असणार आणि तुम्ही स्वतःचं दुखणं कुरवाळत बसलात. नवलभाऊ खाली मान घालून उभे राहिले. मीही मनातून तुझ्याच बाजूचा होतो. तुझी बॅग उचलून तुला एसटीत बसवायला मीच आलो, आणि परत नाही गेलीस तरी चालेल असंही मीच म्हणालो. दहा महिने झाले, तासाभराच्या अंतरावर असून तू धरणगावला पाऊल ठेवलं नाहीस.

त्यांना काहीच माहीत नव्हतं, बेटा. तिनं सांगितलं होतं, पण मला.

काल मी एकोणीसही निरोप छापून धरणगावला घेऊन गेलो. नवलभाऊंनी एकेक कागद वाचून मांडीवर पालथा ठेवला. मी शिव्यांची वाट बघत होतो. शेवटी म्हणाले, "माले सांगाले पाहिजे व्हतं तिनी. मी काय मरी नही जातू." मग बराच वेळ रडले. मी त्यांना हात लावायला धजलो नाही. निघताना मी म्हणालो, मोनालीला उद्याच लिहितो. त्यांनी माझा दंड धरला.

"पोरीले सांगू नको, हिलालभाऊ. तिना राग माले चाली. तिले आजोळ तरी ऱ्हाऊ दे."

मी हो म्हणून आलो. आणि आज लिहायला बसलो. ज्या माणसानं काही केलं नाही तो माझ्या वाट्याचा राग जन्मभर सोसायला तयार आहे, आणि मी इथं तुझा लाडका मामा म्हणून मिरवायचं, एवढं निर्लज्ज होणं मला जमणार नाही. तुझं आजोळ तुटलं तर ते मी तोडलं.

सगळे कागद सोबत जोडलेत. ते तुझे आणि तुझ्या वडिलांचे. कोशाचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, तोवर छपाई थांबवली आहे. शेवटचा निरोप जानेवारीतला आहे. तो एकटीनं वाचू नकोस म्हणून इथंच लिहितो.

'भाऊ, तुझी काहीतरी अडचण असेल. तू कारणाशिवाय असं करणारा नाहीस. मी राग धरलेला नाही. यापुढं विचारणार नाही, नुसते शब्द पाठवीन.'

त्यानंतर तिनं आणखी दोनशे सहा शब्द पाठवले. मी प्रत्येक वेळी 'मिळालं, छान' कळवलं.

मला उत्तर लिहू नकोस. आधी धरणगावची एसटी पकड. वडील दार उघडतील, काही विचारणार नाहीत.

ज्योत्स्नाचा भाऊ,
हिलाल