कूस उजवणे : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

बाई,

तुम्हांला पत्र लिहिण्याचे धारिष्ट्य करते आहे, क्षमा असावी. वर्गात मी कधी एक शंका विचारली नाही, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाल्यावर जाब विचारायला बसले आहे.

आठवीत तुम्ही 'कूस उजवणे' हा वाक्प्रचार शिकवलात. अर्थ, अपत्यप्राप्ती होणे. माझे वाक्य तुम्हांला इतके आवडले की ते मला फळ्यावर लिहायला लावलेत. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एका वहिनींची कूस उजवते आणि घर आनंदून जाते, असे काहीसे होते. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजले, "बाईंची कुठे उजवलीय?" तुम्ही ते ऐकलेत. हाताचा खडू झटकलात आणि म्हणालात, "पुढचा वाक्प्रचार घ्या." मला संताप येतो तो त्याचाच. हे दोन शब्द बाईच्या अंगावर कसे घातले जातात, ते त्या वर्गात एकट्या तुम्हांलाच ठाऊक होते. आम्हां मुलींना तुम्ही अर्थ तेवढा दिलात.

गेल्या रविवारी कांदिवलीला माझ्या धाकट्या बहिणीचे डोहाळजेवण होते. मी खण-नारळ घेऊन ओटी भरायला पुढे झाले, तर तिच्या सासूबाईंनी सर्वांदेखत माझ्या हातातले ताट काढून घेतले. "तू रवांदे गो. आधी तुझी कूस उजवू दे, मग भर सगळ्यांच्या ओट्या. जा, आत पानं वाढायला बघ." किती मायेने बोलल्या. शाळेत पहिली येणारी मी खाली मान घालून आत गेले आणि पानांवर मीठ वाढू लागले. हे तुम्ही न शिकवताच मी तुमच्याकडून शिकले होते.

थोड्या वेळाने बहीणच स्वयंपाकघरात येते. हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने, हातात माझेच ताट. दार लोटून घेते.

"ताई, भर पटकन. आमच्या सासूबाई फोटोत गुंतल्यात."

पदर पसरून ती माझ्यासमोर उभी राहते. "अगं, भर ना. किती वेळ उभी करतेस? पाय सुजलेत माझे."

"नको. त्यांना कळलं तर तुलाच बोलतील," मी म्हणाले.

टपाल तुमच्यापर्यंत पोहोचत असते, तरी हे पत्र मी पेटीत टाकले नसते. बाई, सासूबाईंची मला भीती नव्हती. तिच्या बाळाला काही झाले तर, असे माझ्या मनात आले.