अळणी ताट

प्रिय छकुले,

नोकरीला लागलेल्या बाईला छकुली म्हणते म्हणून नाक मुरडू नकोस. तू साठीची झालीस तरी मी हेच म्हणणार. पत्र बघून दचकली असशील, परवाच तर आपण फोनवर तासभर बोललो. पण तू इतकी खुशीत होतीस की मला तोंडच उघडवेना. म्हणून आज अर्धी रजा टाकून खिडकीशी लिहायला बसलेय.

माझं बरं चाललंय. निदान ऑफिसात सगळे मला तसं वाटावं म्हणून धडपडतायत. फर्निचरच्या गोदामातलं काम म्हणजे दिवसभर वर-खाली करा, कपाटं मोजा, ट्रकवाल्यांशी हुज्जत घाला. तिथे लाडात बोलायची पद्धत नाही. तर मध्यंतरी कंपनीनं सगळ्यांचा आरोग्य विमा काढला. फॉर्ममध्ये घरातले आजार विचारले होते, मी आईच्या किडनीचं लिहिलं. भावंडं विचारली होती, तुझं नाव लिहिलं. फॉर्म बंद पाकिटातून थेट विमा कंपनीकडे गेला. मग मीटिंगच्या खोलीत पडदे लावून तपासण्या झाल्या, रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी. मशीनवाली मुलगी आधी मस्त गप्पा मारत होती, मधेच एकाएकी गप्प झाली. रिपोर्ट ऑफिसकडून मिळेल एवढंच म्हणाली.

रिपोर्ट काही आला नाही. माणसं मात्र बदलली. आमचे सुपरवायझर, ज्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जातो, ते माझ्याशी हळू बोलायला लागले. मालाच्या लिफ्टमध्ये माणसांना बंदी आहे, पण लिफ्टवाला माझ्यासाठी दार धरून उभा राहायला लागला. शेजारच्या टेबलावर एक नवी मुलगी आणून बसवली, माझं काम शिकायला. मी कुठे चाललेय ते मात्र कुणी सांगेना. मी जवळ गेले की बोलणं थांबायचं आणि सगळे माझ्याकडे बघून एकदम हसायचे. खरं सांगते, मला त्या हसण्याची भीती वाटायला लागली.

त्यातच कॅंटीनचं जेवण अळणी लागू लागलं. आधी वाटलं, माझ्याच तोंडाची चव गेली. एकदा शेजारणीच्या ताटातला घास घेतला, तर मीठ अगदी व्यवस्थित! दुसऱ्या दिवशी डोळ्यांत तेल घालून रांगेत उभी राहिले. वाढणाऱ्या मावशी सगळ्यांना मोठ्या पातेल्यातून वाढत होत्या. मी समोर आले तशा खाली वाकल्या आणि ओट्याखालून एक छोटं पातेलं काढून त्यातलं वाढलं. मी मीठ मागितलं, तर त्यांनी मिठाचं भांडं मागे सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, नको गं बाई, वरून सांगितलंय. माझ्या पोटात काय आहे ते त्या स्वयंपाकघराला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

ताट तिथेच टाकलं आणि विम्याचं बघणाऱ्या मॅडमकडे तरातरा गेले. रिपोर्ट अजून आलाच नाही म्हणाल्या. म्हणताना माझा हात थोपटत होत्या. मी दारापर्यंत पोचले तशी मागून विचारलं, धाकटी बहीण बरी आहे ना? जपा तिला. छकुले, मी ऑफिसात तुझं नाव कधीच काढलेलं नाही. मला बहीण आहे हेही तिथे कुणाला माहीत नव्हतं.

मग बाहेरच्या एका डॉक्टरांकडे गेले. जे आईला होतं तेच निघालं, दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी. लगेच रडायला बसू नकोस. लवकर कळलंय, गोळ्या आणि कमी मिठाचं पथ्य सांभाळलं तर बरीच वर्षं निभावेल म्हणाले, आणि मी किती चिवट आहे ते तू लहानपणापासून भोगलंयस. सांगायच्या आधी डॉक्टरांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. एवढ्याशा गोष्टीनं मी हमसाहमशी रडले. त्यांना वाटलं, आजाराला घाबरले.

आता परवाच्या फोनचं. हॉटेलच्या रिसेप्शनवर नव्या माणसाला रात्रपाळी सुटत नाही, पण तुला पहिल्या दिवसापासून दिवसपाळी मिळाली. बाकीच्या मुली उभ्या असतात आणि तुला तेवढी खुर्ची दिली. मॅनेजर रोज विचारतात, पाय सुजत नाहीत ना? आणि तू हसत म्हणालीस, त्यांना कसं कळलं कोण जाणे, संध्याकाळी जरा सुजतातच. नशीब काढलं म्हणत होतीस. मी सहज तुमच्या विमा कंपनीचं नाव विचारलं, ती आमचीच निघाली. तुझी तपासणी तर अजून व्हायचीय आणि आईचं तू तिथे कुणाला सांगितलेलं नाहीस. हे सगळं हॉटेलनं दिलेल्या फोनवर बोलायची माझी हिंमत झाली नाही. पत्र वाचलंस की रजा टाक, मैत्रिणीचं लग्न आहे म्हण, काहीही थाप मार, पण सरळ माझ्याकडे निघून ये. आपण माझ्या डॉक्टरांना दाखवू. तुला काही नसेलही, नसूच दे. पण तोवर माझं एक ऐक. त्या खुर्चीत बसू नकोस.

तुझीच,
हेकट ताई