पाडायचंच, बस्स

७ एप्रिल २०१९, रविवार
ऊन मरणाचं. वरच्या खोलीतल्या हनाननं कालपासून डबा उघडला नाही. सुदानची पोरगी, इथं फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या मेसमध्येच जेवते. वर जाऊन बघितलं तर फोन हातात धरून रडतीय का हसतीय कळेना.
तिकडं त्यांच्या राजधानीत लोक लष्कराच्या मुख्य कचेरीसमोर जाऊन बसलेत. उठणार नाही म्हणतात. तीस वर्षं एकच माणूस खुर्चीला चिकटलेला. डिसेंबरात पाव तिप्पट महाग केला, तेव्हापासून लोक पेटलेत. हिचा भाऊ यासिर तिथंच बसलाय. इलेक्ट्रिशियन आहे, कुठनं तरी वायर ओढून सगळ्यांचे फोन चार्ज करून देतो. तेवढा एक भाऊ. आई नाही, वडील तिकडंच.
दुपारी "तस्गुत बस, तस्गुत बस" ओरडत जिना उतरली. मेसमधली काशीबाई भाकरी थापत होती, तिनं पाट पुढं सरकवला. "बस की मग. कोण नगं म्हनतंय?" हनान (पुढं नुसतं ह.) हसून हसून खाली बसली. तस्गुत बस म्हणजे तो पडू दे, एवढंच. दुसरं काही मागणं नाही.
हे पेपरातनं डोकं न काढता म्हणाले, "सुम्नीर." कानडीत गप्प बस. लग्नापासून ऐकतेय.

१० एप्रिल, बुधवार
ह. म्हणाली, "खालती, हे मराठीत कसं लिहायचं? सोलापूरहून फोटो पाठवते यासिरला." (खालती म्हणजे त्यांच्यात मावशी. नवीन आली तेव्हा वरनं "खालती, खालती" हाका मारायची आणि मी म्हणायची, अगं खालतीच आहे, तू ये की.)
तेलाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. "पडू दे" मला मिळमिळीत वाटलं. तीस वर्षं बसलेला माणूस आपण होऊन पडतोय होय? मी ठळक अक्षरात लिहून दिलं: पाडायचंच, बस्स.
माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायची.
पुठ्ठा घेऊन ती कॉलेजच्या पायऱ्यांवर बसली. अर्ध्या तासात तिला आत बोलावलं. उद्या पालकांना घेऊन ये म्हणाले. पालक म्हणजे आता मीच की.

११ एप्रिल, गुरुवार
डोकं अजून भणभणतंय. लिहून काढते म्हणजे झोप तरी येईल.
ऑफिसातले साहेब. टेबलावर माझा पुठ्ठा. "मतदान आठवड्यावर आलंय. आचारसंहिता आहे. आणि परदेशी मुलगी 'पाडायचंच' म्हणून बोर्ड धरते? कुणाला पाडायचंय?"
मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गावभर सध्या हाच शब्द. चहाच्या टपरीवर, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, याला पाडायचं, त्याला पाडायचं. आणि तोच मी हिच्या हातात दिला. शहाणी मी.
म्हटलं, साहेब, शब्द माझा आहे. तिच्या देशातल्या माणसाबद्दल आहे.
"मग मराठीत कशाला?"
म्हटलं, तुम्हाला वाचता यावं म्हणून.
ते हसले नाहीत. लिहून घेतलं तिच्याकडून: कॉलेजात किंवा बाहेर बोर्ड धरणार नाही, घोषणा देणार नाही, फोनवर फोटो टाकणार नाही. नाहीतर व्हिसाच्या ऑफिसला कळवू. पोरीनं मान खाली घालून सही केली. पुठ्ठा मी टेबलावरनं उचलून काखेत मारला. मला म्हणाले, "मावशी, तिला समजवा. शिकायला आलीय, गप्प बसून शिकावं."
बाहेर आलो तर तिचा फोन थरथरायला लागला. तो पडला. ती गप्प बसायची सही करत होती त्याच दुपारी तिकडं तो तीस वर्षांचा पडला. पार्किंगमध्ये स्कूटरीच्या मधे उभी राहून तोंडावर हात दाबून रडली. आवाज करता येईना. मला त्या साहेबाला धरून हलवावंसं वाटलं.

१३ एप्रिल, शनिवार
त्याच्या जागी जनरल आला होता, तो एका दिवसात गेला. आता दुसरा जनरल. लोक उठेनात. यासिर म्हणतो, खुर्ची तीच आहे, फक्त बूड बदललं. (ह. भाषांतर करताना 'बूड' म्हणायला लाजत होती. काशीबाईनं शब्द पुरवला.)
हे म्हणतात, "झालं ना मनासारखं, आता घरी जावं माणसानं." ह्यांना काय सांगायचं.

१८ एप्रिल, गुरुवार
मत देऊन आले. रांगेत सगळ्या उमेदवारांना शिव्या घातल्या, मग दिलं. ह. नं माझं बोट धरून शाई बघितली. "पुसत नाही?" म्हटलं, महिनाभर तरी नाही. "कुवैस," म्हणाली (छान, असलं काहीतरी) आणि बोट बराच वेळ सोडेना. ती जन्मली तेव्हापासून तिकडं तो एकच.

७ मे, मंगळवार
रोजे सुरू. संध्याकाळी ह. साठी खजूर आणि ताक. आज तिनं आमच्या चुलीचा ताबा घेतला. ज्वारीचं आंबवलेलं पीठ तव्यावर कागदासारखं पातळ पसरलं. त्यांच्यात रोजचं हेच, किसरा म्हणतात. काशीबाई म्हणाली, "हे तर धिरडं हाय की." ज्वारी तिकडंही आपल्यासारखीच पिकते. हे माहीत नव्हतं मला.
जेवता जेवता अरबी शिकलो. कुवैस म्हणजे छान, बरं. बस म्हणजे पुरे, आपल्यासारखंच. बस म्हणजे एवढंच. आणि बस म्हणजे 'पण' सुद्धा. उदाहरण दिलं तिनं: "भाकरी कुवैस, बस जाड." काशीबाईला राग आला. "आमच्या मोडनिंबात येऊन सांग म्हनावं, जाड हाय म्हून."
यासिर फोनवर दिसला. काळा, हडकुळा, मागं तंबू आणि वायरींचं जंजाळ. "खालती!" म्हणून हात हलवला. माझ्या पुठ्ठ्याचा फोटो तिथं खांबावर चिकटवलाय. सही करायच्या आधीच पोरीनं पाठवला होता. मराठी कुणाला वाचता येत नाही, पण अक्षर सुंदर आहे म्हणतात. मी म्हटलं, घरी कधी जाणार? म्हणाला, हे जनरल खरोखर उठल्यावर आम्ही उठू.

३ जून, सोमवार
पहाटे तिकडं गोळ्या घातल्या. बसलेल्या लोकांवर. ईद तोंडावर, रोजे धरलेली माणसं, आणि त्यांच्यावर. तंबू जाळले. ह. ला एक छोटा व्हिडिओ आला, नुसता धूर आणि पळणारे पाय. मग नेट बंद झालं. सगळ्या देशाचं नेट बंद.
यासिरचा फोन लागत नाही. वडलांचा लागत नाही.

४ जून, मंगळवार
पेपर उलटासुलटा केला. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, चार ओळी. आणि वर्ल्डकपला अख्खं पान, कोण किती नंबरवर खेळणार. मी पेपर ह्यांच्यासमोर आपटला. म्हणाले, "मी छापतो का?" तेही खरंच. पण कुणीच छापत नाही, कुणीच मारत नाही, कुणीच काही करत नाही, मग हे होतं कसं?

५ जून, बुधवार
ईद. पलीकडच्या गल्लीतनं शीरखुर्म्याचे डबे आले. ह. नं डबे तसेच ठेवले. नवा ड्रेस घडीत. दिवसभर तोच नंबर फिरवतीय.

७ जून, शुक्रवार
कॉलेजातल्या मैत्रिणीनं कुठनं तरी बातमी दाखवली. नदीतनं प्रेतं काढतायत. पायाला विटा बांधलेल्या. मी वाचू नको म्हटलं तर म्हणाली, "खालती, मी नाही वाचलं तर यासिरला कोण शोधणार?"
मग म्हणाली, तो बोर्ड द्या, मी पायऱ्यांवर बसते. मला आता काय करतील? मी दिला नाही. व्हिसा गेला तर हिला त्याच आगीत परत पाठवतील. परीक्षा आहे. वडील आहेत. सगळं समजावलं. समजावताना माझाच आवाज त्या साहेबासारखा यायला लागला. थांबले मग. काय बोलतीय मी

१० जून, सोमवार
लिहून दिलंय ते हनाननं. मी नाही.
सकाळी भाज्या फोडणीला टाकून झाल्या, पुठ्ठा काढला आणि मेसच्या कट्ट्यावर जाऊन बसले. हे आतनं, "सुम्नीर, आत ये." म्हटलं, बसते, पण गप्प नाही.
जो येईल तो विचारतोय. "मावशी, निवडणूक झाली की. आता कुणाला पाडताय?" सांगितलं प्रत्येकाला. सुदान कुठं, यासिर कोण, कसा फोन चार्ज करून द्यायचा. डब्याला आलेली पोरं उभ्या उभ्या ऐकत होती. एकजण म्हणाला, आपल्याला काय त्याचं, त्यांचं ते बघतील. त्याला आज डबा दिला नाही. जा म्हटलं, तुझं तू बघ.
दुपारी हवालदार आला. "परवानगी घेतली का?"
"माझ्या कट्ट्यावर बसायला?"
"बसायला न्हाय हो. बोर्डाला."
"मेसचा बोर्ड पण आहे वर. त्याची पण विचारा."
त्यानं पुठ्ठा दोनदा वाचला. मग भाकरी, पिठलं खाल्लं आणि गेला. जाताना म्हणाला, "पोराचं काय कळलं तर सांगा." त्या कॉलेजातल्या साहेबापेक्षा बरा.
उन्हात डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा ह्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आत जाऊन टीव्ही लावला.

१२ जून, बुधवार
रोज बसतेय. साहेबांचा निरोप आला, तुमच्यामुळं मुलीचं नुकसान होईल. निरोप्याला सांगितलं, नुकसान झालंय तिचं, कोणी केलं ते पण मी कट्ट्यावर बसून सांगतेय, या ऐकायला. रात्री मात्र उठून दोनदा जिन्यापर्यंत गेले. खरंच काही केलं तर तिचं?
ह. ला विचारलं, बसणं थांबवू का? म्हणाली, "नाही."

१४ जून, शुक्रवार
घाईत लिहितेय, ती यायच्या आत.
ह. प्रॅक्टिकलला गेलीय, फोन बंद. चारच्या सुमाराला माझाच वाजला. भलता लांब नंबर. ह. नं कधीकाळी वडलांना माझा नंबर देऊन ठेवला होता, अडीअडचणीला.
पुरुषाचा आवाज. खरखर इतकी की म्हातारा का तरुण कळेना. "खालती?" म्हणाला. मी हो हो म्हटलं. भराभर अरबी बोलला, मला एक अक्षर नाही. म्हटलं हनान कॉलेज, हनान परीक्षा. तो थांबला. मग सावकाश, मला कळावं म्हणून बोलला. "यासिर." मी म्हटलं, हां, यासिर. "यासिर कुवैस." मी काशीबाईचा दंड धरला. "यासिर कुवैस, बस" आणि लाइन गेली.
बस. एवढंच? का पण?
परत लावला, लागत नाही. परत. नाही. आवाज कसा होता ते आठवतेय. बस म्हणून तो थांबला, का पुढं बोलणार होता? श्वास घेतल्यासारखा आवाज आला. तो त्याचा का लाइनचा?
काशीबाई म्हणते, "कुवैस म्हनाला एवढंच सांगा. फुडचं कशाला?" हे टीव्ही बंद करून बाहेर आलेत. म्हणाले, "सगळं सांग. ऐकलंस तसं." ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच.
सांगणार. तिला गप्प बसवणारे पुष्कळ झाले, त्यात मी नको. बस सकट सांगणार. तिचं ती ठरवेल कुठला बस ते.
कोपऱ्यावर दिसली. पाठीला बॅग, डोक्यावर ओढणी, माझ्या हातात पुठ्ठा नाही म्हणून चालता चालता थबकलीय. पाट पुढं ओढलाय. आधी तिला म्हणेन, बस.