मेला डॉक्टर

प्रिय धाकटे,

काल तुझ्या लेकीचा फोन आला. गुरुवारी तुझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, असे तिने सांगितले. आणि पुढल्या महिन्यात येणाऱ्या आपल्या अंतराळपटाच्या पाचव्या भागाला माझ्या शेजारच्या तुझ्या खुर्चीवर आपल्या मंडळींतल्या दंतवैद्याने बसावे असे तू परस्पर ठरवले आहेस, हेही. पहिल्या बातमीवर मी मत देत नाही. तो माझा विषय नव्हे. दुसरीवर मात्र माझा सविस्तर आक्षेप आहे.

मूळ वाद आधी नीट मांडतो, कारण तू तो नेहमी मधूनच सुरू करतेस. दुसऱ्या भागाच्या शेवटी अंतराळयानाची कप्तानीण बंद दारावर मुठी आपटते आहे. मागून तो आठ पायांचा चिकट प्राणी सरपटत येतो आहे. ती ओरडते, “मेला डॉक्टर दार उघडत नाही!” तिसऱ्या भागात तोच डॉक्टर धडधाकट, वर चहा ढवळताना दिसतो. मेलेला माणूस चहा ढवळत नाही. सबब कथेला भोक आहे. माझे अनुमान एवढेच होते. त्यावर दर शनिवारी तुझ्याकडे जमणारी आपली मंडळी कशी बिथरली, आठव. दंतवैद्याने डॉक्टरला एक जुळा भाऊ बहाल केला. तुझ्या शेजारणीच्या मते प्राण्यानेच डॉक्टरचे रूप घेतले होते. मग डॉक्टरला चहात साखर किती लागते हे प्राण्याला कसे ठाऊक, या माझ्या प्रश्नाला अद्याप उत्तर आलेले नाही. आणि तू शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणालीस, “अरे दादा, मेला म्हणजे मेला नव्हे. मेला!”

मंडळी हसून लोळली. तर्कशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला याहून वाईट व्याख्या कोणी ऐकवली नसेल. मी विरामाचा मुद्दा काढला: ‘मेला डॉक्टर’ म्हटल्यावर कप्तानीण क्षणभर थांबते, म्हणजे वाक्ये दोन आहेत. तू म्हणालीस, पळून पळून धाप लागलीय बाईला, थांबेल नाही तर काय. भोकाविषयी तुझे म्हणणे असे की प्रत्येक भोक फाटलेले नसते, काही काज असतात. बटण पुढच्या भागात येते. चार भाग झाले. बटण आलेले नाही.

तथापि पुरावा म्हणून एवढे मान्य करतो की तुझ्या बोलण्यात लहानपणापासून निम्मे जग मेलेले आहे. मेले दूध, मेला रेडिओ, मेली ती खिडकी. शाळेत माझी टोपी पळवणाऱ्या त्या दांडगटामागे तू लाकडी पट्टी घेऊन धावली होतीस, “मेला माझ्या दादाला रडवतो” म्हणत. तू तेव्हा त्याच्या कमरेइतकी होतीस. तो गृहस्थ आजही हयात आहे आणि तुझे नाव निघाले की विषय बदलतो.

आता तुझे नवे विधान. “पाचवा भाग काही माझ्या नशिबात दिसत नाही,” असे तू लेकीला म्हणालीस. याला आधार काय? शल्यविशारदांनी तसे म्हटलेले नाही. मी त्यांना दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांनी मलाच खुर्चीत बसवून पाणी दिले. आधाराविना निष्कर्ष ग्राह्य नसतो आणि वाद अर्धा टाकून उठणे नियमात बसत नाही. दंतवैद्य मला चालणार नाही. तो सगळेच लगेच मान्य करतो. त्याच्याशेजारी बसून मी करू काय? तेव्हा पत्राचे कारण एवढेच: गुरुवारी मी बाहेरच्या बाकावर असेन. शुद्धीवर आल्यावर तुला फारसे बोलता येणार नाही, आणि लांब युक्तिवाद मला नकोच आहे. “मेला दादा कुठे आहे?” एवढे विचारलेस तरी पुरे. अर्थ मी संदर्भावरून लावीन. विरामाचा आग्रह धरणार नाही.

तुझाच,
दादा